घड्याळजीची पत्नी : संत झेली मार्टिन

बाळ येशूच्या संत तेरेजेची तसबीर नाही असे कॅथलिक घर आमच्या पाहण्यात थोडेच आले असेल. तपकिरी झगा, त्यावर पांढरा अंगरखा, हातात क्रूस आणि क्रूसाभोवती गुलाबाची फुले, अशी ती मूर्ती आपल्या आजी-पणजीपासून आपल्या परिचयाची आहे. तेरेजेच्या आईविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. बोललोच तर 'पाच मुली मठात पाठवणारी पुण्यशील माता' एवढ्यावर विषय आटोपतो. वास्तविक ही माता वारली तेव्हा तिची एकही मुलगी मठात गेलेली नव्हती. सर्वांत थोरली सतरा वर्षांची आणि धाकटी तेरेजा पुरती पाच वर्षांचीही नव्हती. पाच व्रतस्थ कन्यांची आई म्हणून आज आपण जिला ओळखतो, त्या स्त्रीला स्वतःला ही ओळख ठाऊक नव्हती. तिला ठाऊक होते ते दुकान, हिशेबाची वही, मालाची मुदत, आजारी मुले आणि पहाटेची मिस्सा.

गावातल्या दुकानदाराच्या बायकोची गोष्ट सगळीकडे बहुधा सारखीच असते. पाटीवर नाव धन्याचे असते. पण कोणाची उधारी कुठवर आली आहे, कोणाला आज माल नाकारता यायचा नाही, कोणत्या कामगाराच्या घरी दुखणे आहे, हे गल्ल्याशेजारी बसणाऱ्या बाईला अधिक नेमके माहीत असते. घरभेटीला जाताना आम्ही हे अनेक घरांतून पाहत आलो आहोत. इतिहास मात्र पाटीवरचे नाव वाचून पुढे जातो. झेली मार्टिनच्या बाबतीत तसे झाले नाही, याचे कारण तिची पत्रे. १८६३ पासून १८७७ पर्यंत तिने भावाला, भावजयीला आणि मुलींना लिहिलेली दोनशेहून अधिक पत्रे कुटुंबाने जपून ठेवली. ती प्रकाशनासाठी लिहिलेली नव्हती. त्यामुळे त्यांत उपदेश थोडा आणि संसार पुष्कळ आहे. या लेखात आम्ही प्रामुख्याने त्या पत्रांतून दिसणाऱ्या स्त्रीचा परिचय करून देणार आहोत.

बाहुलीवाचून गेलेले बालपण

तिचे पूर्ण नाव मारी-अझेली गेरँ. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात, आलांसाँ शहरापासून जवळच असलेल्या एका खेड्यात २३ डिसेंबर १८३१ रोजी तिचा जन्म झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात लढलेले शिपाईगडी. पुढे ते पोलीसदलात होते. निवृत्त झाल्यावर १८४४ मध्ये ते कुटुंबासह आलांसाँला येऊन राहिले. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. तेव्हा झेलीच्या आईने घरातच एक उपाहारगृह काढले. परंतु गिऱ्हाइकाला कॉफीबरोबर नीतीचे पाठही ऐकावे लागत, म्हणून ते चालले नाही, असे चरित्रकार सांगतात. आई सद्वर्तनी पण कठोर होती. आपले बालपण उदास गेले, आईने कधी साधी बाहुलीही घेऊ दिली नाही, असे झेलीने पुढे भावाला कळवले. त्या पत्रात तक्रारीपेक्षा खंत अधिक आहे. तिला आधार होता तो दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या बहिणीचा. ही बहीण पुढे ल माँ येथील व्हिजिटेशन मठात व्रतस्थ झाली, आणि तिची पत्रे झेलीला मरेपर्यंत पुरली.

झेलीलाही मठातच जायचे होते. संत व्हिन्सेंट दी पॉलच्या भगिनी आलांसाँच्या रुग्णालयात सेवा करीत. तिने तेथे प्रवेश मागितला. मठप्रमुख भगिनीने तिला भेटून, हे तुझे पाचारण नव्हे, असे स्पष्ट सांगितले. झेलीच्या मनाला ते फार लागले. तरीही ती रडत बसली नाही. संसारच करायचा असेल तर पुष्कळ मुले होऊ देत आणि ती सारी तुझी होऊ देत, अशी प्रार्थना तिने केली. आणि मग पोट भरण्याच्या उद्योगाचा विचार सुरू केला.

८ डिसेंबर १८५१, निष्कलंक गर्भसंभवाचा सण. एकोणीस वर्षांची झेली कामात असताना तिला अंतर्यामी एक सूचना ऐकू आली, असे तिनेच पुढे घरी सांगितले. ती सूचना दर्शनाची नव्हती, उपवासाची नव्हती. आलांसाँची लेस तयार करून घे, एवढीच होती. मठाचे दार बंद झालेल्या मुलीला देवाने धंदा सुचवला, हे वाचताना आम्हांला नेहमी कौतुक वाटते.

आलांसाँची लेस

ही लेस म्हणजे काय, हे समजल्यावाचून झेलीचे आयुष्य समजणार नाही. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने व्हेनिसहून येणाऱ्या महागड्या लेसवर देशाचा पैसा खर्च होऊ नये म्हणून १६६५ मध्ये फ्रान्समध्ये लेसचे सरकारी कारखाने उभारले, त्यांत आलांसाँ प्रमुख होते. ही लेस केवळ सुई आणि अत्यंत बारीक धागा यांनी विणतात. नक्षी प्रथम चर्मपत्रावर रेखून तिला टाचणीने भोके पाडतात. त्या भोकांवरून बाह्यरेषेचा धागा घालतात. मग जाळी, भराव, कडेची उठावदार शिवण अशी एकामागून एक कामे होतात. शेवटी लेस चर्मपत्रापासून सोडवून घेतात. एक चौरस सेंटिमीटर लेसला सुमारे सात तास लागतात. हे कौशल्य पुरते हाती यायला सात ते दहा वर्षे शिकावे लागते. २०१० मध्ये युनेस्कोने या कलेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली.

एकच बाई सर्व कामे करीत नसे. प्रत्येकीचा एक टाका ठरलेला असे आणि ती जन्मभर तोच घालीत राही. म्हणून मोठ्या नक्षीचे लहान लहान तुकडे करून ते निरनिराळ्या बायकांच्या घरी पोचवावे लागत, आणि तयार होऊन आल्यावर ते असे जोडावे लागत की सांधा डोळ्यांना दिसू नये. झेलीने लेसचे शिक्षण शाळेत घेतलेले होते. या सांधणीच्या कामात तिचा हात बसला. १८५३ मध्ये, बाविसाव्या वर्षाच्या आतबाहेर, तिने स्वतःचा धंदा सुरू केला. नक्षी निवडणे, धागा देणे, काम वाटून देणे, आलेला तुकडा तपासणे, फाटले असेल ते दुरुस्त करणे, सांधणे आणि मोठ्या शहरांतील व्यापाऱ्यांना माल पोचता करणे, असा हा सारा पसारा होता. तिचा नवरा अजून क्षितिजावरही नव्हता.

दोन नाकारलेले उमेदवार

लुई मार्टिन हा सैनिकाचा मुलगा. २२ ऑगस्ट १८२३ रोजी बोर्दो येथे तो जन्मला. त्यालाही मठात जायचे होते. आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्डच्या मठाने त्याला लॅटिन शिकून ये असे सांगितले. त्याने प्रयत्न केला, तो तडीस गेला नाही, आणि तो घड्याळे दुरुस्त करण्याचे काम शिकून १८५० मध्ये आलांसाँच्या प्याँ-नफ रस्त्यावर दुकान मांडून बसला. शांत, एकांतप्रिय, मासेमारीचा छंद असलेला हा माणूस पस्तिशीला आला तरी अविवाहित होता. एका पुलावर दोघांची दृष्टभेट झाली आणि तीन महिन्यांत लग्न ठरले, अशी घरातील आठवण आहे. १३ जुलै १८५८ च्या मध्यरात्री आलांसाँच्या नोत्र-दाम चर्चमध्ये त्यांचा विवाह लागला. झेली त्या वेळी सव्वीस वर्षांची होती.

दोघांच्याही मनात मठ अजून शिल्लक होता. आरंभीचे सुमारे दहा महिने ती दोघे बहीणभावासारखी राहिली. अखेर त्यांच्या पापनिवेदक धर्मगुरूंनी त्यांना समजावले. नंतर १८६० ते १८७३ या तेरा वर्षांत त्यांना नऊ मुले झाली. विवाह हा मठाहून उणा मार्ग नव्हे, हे या दोघांना कोणी व्यासपीठावरून शिकवले नाही. ते त्यांना जगताना उमगत गेले. आपल्या नवऱ्याविषयी झेलीने भावाला लिहिलेल्या पत्रात, असा पती प्रत्येक स्त्रीला मिळावा, अशी इच्छा व्यक्त केली आहे.

पाटीवरचे नाव

झेलीच्या काळातील फ्रान्सचा कायदा दुकानदाराच्या बायकोबद्दल काय म्हणत होता, ते पाहण्यासारखे आहे. नेपोलियनच्या १८०७ च्या व्यापार संहितेप्रमाणे विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून व्यापार करता येत नसे. त्याच संहितेत पुढे असेही म्हटले होते की जी बाई केवळ नवऱ्याच्या दुकानातला माल किरकोळीने विकते ती व्यापारी समजू नये. तिचा धंदा वेगळा असेल तरच तिला व्यापारी म्हणावे. म्हणजे दिवसभर गल्ल्यावर बसणारी बाई कायद्याच्या लेखी काहीच करीत नव्हती. विवाहित स्त्रीला स्वतःची मजुरी स्वतः वापरण्याचा हक्क फ्रान्समध्ये १९०७ मध्ये मिळाला. झेलीला जाऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती.

मार्टिनांच्या घरात मात्र कायद्याहून वेगळे घडत होते. खाली लुईचे घड्याळांचे आणि दागिन्यांचे दुकान, त्याच घरात झेलीच्या लेसची कचेरी, सोबत लुईचे आईवडील आणि एकामागून एक जन्मणारी मुले. दर गुरुवारी लेस विणणाऱ्या बायका आपापले तुकडे घेऊन येत. झेली ते पाहून घेई, मजुरी देई, नवे काम देई. तिच्याकडे काम करणाऱ्या बायकांची संख्या भरभराटीच्या दिवसांत पंधरा-वीसपर्यंत गेली होती. उरलेले दिवस ती खिडकीशी बसून सांधणी करी. नवराबायको पहाटे साडेपाचच्या मिस्सेला जात. ही वेळ कामकऱ्यांची आणि गरिबांची, म्हणून ती त्यांना आवडे. मजुरी एक दिवसही थकू नये याबद्दल झेली कडक होती, आणि कोणी बाई आजारी पडली तर रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तिच्या घरी जाई, असे मुलींनी पुढे सांगितले.

लुईचे दुकान रविवारी बंद असे. आसपासचे शेतकरी रविवारीच शहरात येत आणि लग्नाचे दागिने त्याच दिवशी खरेदी करीत. दर्शनी दार बंद ठेवून बाजूचे दार उघडे ठेवावे, असा सल्ला त्याला हितचिंतकांनी दिला. लुईने तो मानला नाही आणि झेलीने त्याला साथ दिली. यात नुकसान आहे हे दोघांनाही आकड्यांनिशी ठाऊक होते. हिशेब न येणाऱ्या माणसाने रविवार पाळणे वेगळे आणि हिशेब करून पाळणे वेगळे.

पुढे जे घडले ते त्या काळात विरळा होते. लेसचा व्याप वाढत गेला, झेलीला तो एकटीला पेलवेना. तेव्हा १८७० मध्ये लुईने आपले चालते दुकान पुतण्याला विकले आणि तो बायकोच्या धंद्यात मदतनीस झाला. हिशेब, प्रवास, मालाची पोच, पॅरिसची गिऱ्हाइके हे त्याने सांभाळले. लेस झेलीचीच राहिली. १८७१ मध्ये कुटुंब सें-ब्लेझ रस्त्यावरील झेलीच्या माहेरच्या घरी राहायला गेले. दुकानदाराची बायको म्हणून या लेखात आम्ही तिची ओळख करून दिली खरी. परंतु आयुष्याच्या शेवटच्या सात वर्षांत दुकान तिचे होते.

या कामाने तिला सुख दिले असे समजू नये. मागणी फार आली की आपण गुलाम होतो आणि मागणी थांबली की झोप उडते, अशा अर्थाचे तिने अनेकदा लिहिले आहे. संपत्ती साठवण्याची आपल्याला हौस नाही. पण पाच मुलींची सोय लावायची असताना धंदा सोडणे वेडेपणाचे होईल, आणि सर्वांत दुःख याचे होते की हाताखालच्या बायकांना द्यायला काम नाही, असे ती एका मंदीच्या वेळी कळवते. यंत्रावर विणलेली स्वस्त लेस तेव्हा बाजारात आलेली होती. दुसऱ्या नेपोलियनशाहीच्या दरबारी थाटावर हातविणीची लेस तग धरून होती, आणि ती राजवट १८७० च्या युद्धात कोसळली. जानेवारी १८७१ मध्ये प्रशियाचे सैन्य आलांसाँत शिरले. मार्टिनांच्या घरात नऊ सैनिक उतरवले गेले. झेलीने त्यांना जेवू घातले, आणि ते भलतेच काही मागू लागले तेव्हा सरळ नाही म्हणून सांगितले.

पाळणे आणि थडगी

नऊ मुलांपैकी चार गेली. पहिला जोसेफ सप्टेंबर १८६६ मध्ये जन्मला आणि फेब्रुवारी १८६७ मध्ये वारला. दुसरा जोसेफ डिसेंबर १८६७ मध्ये जन्मला आणि पुढल्या ऑगस्टमध्ये वारला. पाच वर्षांची हेलेन फेब्रुवारी १८७० मध्ये गेली. मेलानी-तेरेज ऑगस्ट १८७० मध्ये जन्मली आणि आठ आठवडेही जगली नाही. चार वर्षांच्या आत चार शवपेट्या त्या घरातून निघाल्या. मध्यंतरी, १८६८ मध्ये, झेलीचे वडीलही गेले.

पहिल्या तीन मुलींना झेलीने अंगावर पाजले होते. नंतर तिला ते जमेना. १८६५ मध्येच तिने आपल्या औषधविक्रेत्या भावाला स्तनात गाठ असल्याचे कळवले होते. बाटलीने दूध पाजणे त्या काळी जीवावरचे होते. दूध निर्जंतुक करण्याची रीत अजून रूढ नव्हती. म्हणून शहरातील अनेक आयांप्रमाणे तिलाही मुले दाईकडे ठेवावी लागली. मेलानी-तेरेज ज्या दाईकडे होती तिने बाळाची उपासमार केली. झेलीला कळले तेव्हा उशीर झाला होता. दाईकडे ठेवलेली मुले मरत, हे साऱ्या फ्रान्सला ठाऊक होते. अखेर २३ डिसेंबर १८७४ रोजी अशा मुलांवर सरकारी देखरेख ठेवणारा कायदा संमत झाला. तो दिवस झेलीच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवसाचा होता. तिच्या मुलीला त्याचा उपयोग नव्हता.

गेलेल्या मुलांविषयी लोक तिला म्हणत, ती झालीच नसती तर बरे झाले असते. हे बोलणे तिला सोसत नसे. १८७१ मध्ये भावजयीचे मूल गेले तेव्हा झेलीने तिला धीर देताना लिहिले की, मुलांचे अनंतकालचे सुख आणि आपले दुःख यांची तुलना होऊ शकत नाही. आयुष्य थोडे आहे, मुले वर पुन्हा भेटतील. हे शब्द चार थडगी बांधलेल्या आईचे आहेत, म्हणून आम्ही ते सांत्वनाच्या नेहमीच्या शब्दांत मोजीत नाही. अंत्यविधीनंतर एखाद्या तरुण आईशी काय बोलावे हे आम्हा धर्मगुरूंना पुष्कळदा सुचत नाही. "देवाची इच्छा" म्हणून आपण सुटतो. झेलीने तसे सुटून जाणे पसंत केले नाही. तिने मुलांची नावे घेतली, त्यांचे वय सांगितले, त्यांना आपल्या कुटुंबात मोजले.

२ जानेवारी १८७३ रोजी नववे मूल जन्मले, ती तेरेजा. दोन महिन्यांतच तीही खंगू लागली. अंगावरचे दूध मिळाले तरच मूल वाचेल, असे डॉक्टरांनी सांगितले. लुई प्रवासाला गेला होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच झेली सुमारे आठ किलोमीटरवरील सेमाले गावी एकटी चालत गेली आणि ओळखीच्या शेतकरीण दाईला, रोझ तायेला, घेऊन आली. रोझने बाळ पाहून मान हलवली. झेली माडीवर जाऊन संत जोसेफच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून रडली. खाली आली तर बाळ दूध पीत होते. तेरेजा वर्षभर सेमालेच्या शेतात वाढली आणि २ एप्रिल १८७४ रोजी गुटगुटीत होऊन घरी परतली. आठवडी बाजाराच्या दिवशी रोझ लोणी विकायला शहरात येई, तेव्हा पोर झेलीकडे राहायला तयार नसे. लेसच्या खरेदीला आलेल्या उंची पोशाखातल्या स्त्रिया पाहिल्या की ती रडे, आणि लेस विणणाऱ्या साध्या बायकांकडे मात्र खुशाल जाई. पुढे जिला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून १९९७ मध्ये गौरवले गेले, तिची पहिली ओळख शेतकऱ्यांशी आणि मजूर बायकांशी झाली होती.

जी मुलगी जमेना, ती

पत्रांत ज्या मुलीविषयी झेली सर्वांत अधिक झुरते ती तेरेजा नव्हे, तिसरी मुलगी लेओनी. ती आजारी, हट्टी, अभ्यासात मागे. मावशीच्या मठातील शाळेनेही तिला ठेवून घेण्यास असमर्थता दाखवली. माझे पुढे काय होणार हे कळत नाही, पण हिचे काय होणार हे त्याहून कळत नाही, अशी आईची अवस्था होती. १८७७ च्या आरंभी मावशी मरणोन्मुख होती. लेओनीसाठी देवाजवळ रदबदली कर, असे झेलीने तिला विनवले. मावशी २४ फेब्रुवारीस वारली. त्यानंतर काही दिवसांतच उलगडा झाला की घरातील मोलकरीण मुलीला धाक घालून, छळून आपल्या मुठीत ठेवत होती, आणि आईजवळ जाऊ देत नव्हती. ही गोष्ट वर्षानुवर्षे एकाच छपराखाली घडली, आणि झेलीसारख्या दक्ष बाईला ती दिसली नाही. कामाच्या रगाड्यात घरचे काय निसटते, याचे याहून बोचरे उदाहरण नाही. झेलीने स्वतःला दोष दिला आणि उरलेले दिवस त्या मुलीला दिले. लेओनी आईच्या कुशीत आली. मठात जाण्याचे तिचे पहिले तीन प्रयत्न फसले. १८९९ मध्ये ती कां येथील व्हिजिटेशन मठात गेली ती कायमची, आणि १९४१ मध्ये तेथेच वारली. तिला संत घोषित करण्याच्या प्रक्रियेला २०१५ मध्ये आरंभ झाला.

अखेरचा गुरुवार

डिसेंबर १८७६ मध्ये झेलीने गाठ डॉक्टरांना दाखवली. कर्करोग फार पुढे गेला होता. लिझ्यू येथील शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली असल्याचे सांगितले. तिने घरी येऊन हे सरळ सांगितले; मग घरच्यांचे रडणे पाहून, आपण एवढे स्पष्ट बोलायला नको होते असे तिला वाटले. लेसची कामे तिने थांबवली नाहीत. हातात घेतलेल्या मागण्या पुऱ्या करायच्या होत्या.

जून १८७७ मध्ये तिघी थोरल्या मुलींना घेऊन ती लूर्दला गेली. प्रवासात मानेला हिसका बसला, वेदना वाढल्या, झऱ्याच्या थंड पाण्यात तिने चार वेळा स्नान केले; चमत्कार झाला नाही. मुली खट्टू झाल्या. ती मात्र परतताना गात होती आणि घरी आल्यावर नवऱ्याला तिने हसून सामोरे जाण्याचा प्रयत्न केला. १६ ऑगस्टला तिने भावाला अखेरचे पत्र लिहिले. २८ ऑगस्ट १८७७ च्या मध्यरात्रीनंतर ती वारली. वय पंचेचाळीस.

नोव्हेंबरमध्ये मुली लिझ्यूला मामाच्या सावलीत राहायला गेल्या. लुई काही दिवस आलांसाँतच थांबला, कारण लेसचा धंदा आवरायचा होता. हिशेब चुकते करायचे होते, बायकांकडे गेलेले तुकडे परत यायचे होते. झेलीची गादी चालवणारे कोणी नव्हते. पोलीन १८८२ मध्ये कार्मेल मठात गेली, मारी १८८६ मध्ये, तेरेजा १८८८ मध्ये. वडिलांची दीर्घ मानसिक व्याधी आणि त्यांचा मृत्यू (२९ जुलै १८९४) यांपर्यंत सेवा करून सेलीनही तेथेच गेली.

वेदीवर एक जोडपे

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २६ मार्च १९९४ रोजी लुई व झेली यांना वंदनीय घोषित केले. १९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू येथे त्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजी, कुटुंबविषयक धर्मसभा रोममध्ये भरलेली असताना, पोप फ्रान्सिस यांनी त्यांना एकत्र संतपद दिले. नवराबायकोला जोडीने संत घोषित करण्याचा ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हा पहिलाच प्रसंग होय. त्यांचा सण १२ जुलैला, म्हणजे त्यांच्या विवाहाच्या दिवशी येतो. एरवी संतांचा सण बहुधा मृत्युदिनी असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीचे महत्त्व कळते.

एक धोका मात्र आहे. वेदीवर ठेवलेली मूर्ती फार स्वच्छ दिसते. तिच्या हातावर सुईची टोचणी दिसत नाही, डोळ्यांवरचा ताण दिसत नाही, मजुरीचे पैसे मोजण्याची घाई दिसत नाही. झेलीची पत्रे वाचली की हे सारे परत दिसू लागते. प्रार्थनेसाठी धंदा आवरता घेणारी ही बाई नव्हती. धंद्याच्या मुदती पाळीत पाळीत तिने प्रार्थना केली, आणि पुष्कळदा थकून, चिडून, काळजीत केली. तेरेजेने पुढे जगाला शिकवलेला 'लहान मार्ग', म्हणजे बारीकसारीक कामे मोठ्या प्रेमाने करण्याचा मार्ग, मठाच्या भिंतीआड जन्मला असे आपण समजतो. त्याची पहिली शाळा तिने खिडकीशी बसून सांधा लपवणाऱ्या आईजवळ पाहिली असावी, असे आमचे मत आहे.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या स्मरणिका आम्ही आवडीने वाचतो. त्यांत दुकानाचे, वाडीचे, देणगीचे नाव पुरुषाचे असते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आईचे नाव असते, पण तिचा उद्योग लिहिण्याची प्रथा नाही. आपल्या आजीने दुकान कसे सांभाळले, बाजारात भाजीची पाटी किती वर्षे नेली, कोणाला उधार दिले आणि कोणाकडे कधी मागितले नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना अजून आठवत आहे तोवर विचारून घ्यावे आणि एका वहीत लिहून ठेवावे. मार्टिनांच्या घरी पत्रे कोणी फेकली नाहीत, म्हणून आज आपल्याला झेली माहीत आहे. १२ जुलैच्या मिस्सेला येताना ती वही बरोबर आणावी आणि त्यातली नावे त्या दिवशीच्या प्रार्थनेत घ्यावीत, अशी आमची सूचना आहे.